डक्ट नको, पण पाइप नीट जोडा

दीड टन गारवा हवेच्या वाटेने खोलीत पोचवायचा म्हटलं तर साधारण ६०० सीएफएम, म्हणजे तासाला हजार घनमीटर हवा ढकलावी लागते. त्याला बारा इंची गोल डक्ट, म्हणजे हवा नेणारी पत्र्याची नळी लागते, डक्टवर इन्सुलेशन लागतं आणि हे सगळं झाकायला फॉल्स सीलिंग. तोच दीड टन गॅसच्या वाटेने न्यायचा तर तांब्याचे दोन पाइप पुरतात: एक दोन सुती, एक चार सुती. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा पाव इंच आणि अर्धा इंच.) घरासाठी बिनडक्टचा, म्हणजे आपण ज्याला स्प्लिट म्हणतो तो एसी का बरा पडतो, याचं बरंचसं उत्तर या एका फरकात आहे.

हवा नुसती तापते आणि निवते. एक किलो हवा १० अंशांनी गार केली की तिच्यातून जेमतेम १० किलोज्यूल उष्णता निघते. एसीत फिरणाऱ्या आर-३२ गॅसचं तसं नाही. तो इनडोअरच्या कॉइलमध्ये द्रवरूपात शिरतो आणि तिथे त्याची वाफ होते. एक किलो द्रवाची वाफ होताना अडीचशे किलोज्यूलहून जास्त उष्णता शोषली जाते. म्हणून भिंतीला अडीच-तीन इंचांचं एक भोक पाडलं की काम भागतं. बीममधून वाट काढायला नको, छत फूटभर खाली आणायला नको.

डक्टची दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. डक्ट बहुधा छताखालच्या किंवा पोटमाळ्याच्या तापलेल्या पोकळीतून जातो. सांध्यांतून गार हवा तिथेच गळते, पत्र्यातून उष्णता आत शिरते आणि दोन्हींचे पैसे आपण भरतो. डक्ट गार न केलेल्या जागेतून जात असेल तर वातानुकूलनाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ३० टक्क्यांहून जास्त ऊर्जा अशी वाया जाऊ शकते, असं अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. शिवाय डक्टच्या आत साचलेली धूळ आणि बुरशी काढणं घरच्या माणसाच्या हातचं काम नाही, आणि एका खोलीतला आवाज आणि वास त्याच वाटेने दुसऱ्या खोलीत जातो.

स्प्लिटमध्ये ज्या खोलीत माणूस आहे तेवढीच खोली गार होते. रात्री तीन खोल्यांपैकी एकीतच कोणी झोपलं असेल तर बाकीच्या दोन बंद. आजीला २७ अंश हवेत आणि नातवाला २४, तर ज्याच्या त्याच्या रिमोटवर. डक्टच्या यंत्रणेतही डँपर, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपा बसवून खोल्या वेगळ्या करता येतात, पण त्याचा खर्च वेगळा, आणि बहुतेक डँपर मिटले की उरलेल्या डक्टमधला दाब वाढून हवा शिट्टी मारू लागते.

टनाचा हिशेब

टन हे इथे वजन नाही. एक अमेरिकी टन (सुमारे ९०७ किलो) बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता ओढून घेतो, तो वेग म्हणजे एक टन: ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट. खोलीचं क्षेत्रफळ पाहून टन ठरवण्याची सवय आहे, पण क्षेत्रफळ ही फक्त सुरुवात. छतावर थेट ऊन पडतं का? पश्चिमेला काच किती आहे? दुपारच्या उन्हात पश्चिमेच्या काचेतून दर चौरस मीटरला काहीशे वॅट उष्णता आत येते. म्हणजे दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच खिडकीची काच पडद्याविना ठेवली तर एकटी तीच अर्ध्या टनाच्या आसपास एसी खाऊन टाकू शकते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट देतो. या गोष्टी मोजल्या की बऱ्याचदा कळतं, मोठा एसी घेण्यापेक्षा खिडकीला बाहेरून सावली केलेली जास्त उपयोगी.

‘असू दे थोडा मोठा’ हा सल्ला मी कधीच देणार नाही. खोलीच्या मानाने एसी फार मोठा असला की तापमान झपाट्याने खाली येतं आणि कॉम्प्रेसर थांबतो. पण हवेतला दमटपणा काढायला कॉइल बराच वेळ सलग गार राहावी लागते. ती राहिली नाही तर खोली थंड होते, तरी अंग चिकट लागतं, गादी ओलसर वाटते, कपाटात बुरशी धरते. मग माणूस रिमोटवर आणखी दोन अंश खाली जातो आणि वीज जास्त जळते, दमटपणा मात्र तसाच.

हा दमटपणा काढायला किती काम पडतं पाहा. हवेतल्या एक लिटर पाण्याची वाफ थंड करून तिचं पाणी करायचं तर जवळपास ०.६८ युनिट उष्णता काढावी लागते. पावसाळी हवेत दीड टनाच्या ड्रेनमधून तासाला एक-दीड लिटर पाणी सहज येतं, म्हणजे ५.३ किलोवॅटपैकी एक किलोवॅटपर्यंत ताकद नुसती हवा कोरडी करण्यात जाते. म्हणून दमट दिवशी पंख्याचा वेग कमी किंवा ऑटोवर ठेवा. हवा कॉइलवरून सावकाश गेली की जास्त पाणी सोडते.

इन्व्हर्टर एसीने इथे खरी मदत केली. घरगुती इन्व्हर्टर एसी १९८१मध्ये तोशिबाने आणला. जुना कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. खोली गार झाल्यावर तो मंद गतीने चालत राहतो. मंद चालताना तितकाच मोठा कॉइल कमी गॅससाठी मिळतो, त्यामुळे प्रत्येक युनिटमागे गारवा जास्त निघतो. म्हणून इन्व्हर्टर एसी सारखा चालू-बंद करू नये. अर्ध्या तासासाठी खोलीबाहेर जाणार असाल तर चालू राहू द्या. आणि १८ अंश लावल्याने खोली लवकर गार होते हा समज सोडा. कॉम्प्रेसर सुरुवातीला तसाही पूर्ण वेगात असतो. १८ लावल्याने तो वेळेवर मंद होत नाही, इतकंच.

सगळं काही सांध्यात आहे

डक्ट गेला, त्याच्याबरोबर हवेची गळती गेली. पण आता सगळा भार त्या दोन पाइपांच्या चार टोकांवर आला. स्प्लिट एसीच्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ बसवण्याच्या दिवशीच रुजतं असं माझं ठाम मत आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

प्रत्येक टोकाला फ्लेअर करतात: पाइपाचं तोंड कर्ण्यासारखं ४५ अंशांत पसरवायचं आणि पितळी नटने ते व्हॉल्व्हच्या शंकूवर दाबून बसवायचं. वॉशर नाही, रबर नाही. तांबं पितळेवर बसतं आणि तेच सील. आर-३२ बाहेरच्या कॉइलमध्ये ५० अंशांना ३१ बारच्या आसपास दाबाने असतो. जुन्या आर-२२ गॅसचा तिथे १९-२० बार असायचा. म्हणजे जो सांधा आर-२२ला चालून गेला, तो आर-३२ला चालेलच असं नाही.

पाइप हॅकसॉने कापायचा नाही, पाइप कटरने कापायचा. कटरची चकती थोडी थोडी आवळत फिरवली की टोक काटकोनात येतं. आतल्या कडेला धार राहते, ती रीमरने काढताना पाइपाचं तोंड खाली धरायचं, नाहीतर तांब्याचा चुरा आत पडतो आणि गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतो. नट आधी पाइपात घालायचा (फ्लेअर झाल्यावर तो जात नाही, घाईत हे विसरलं जातं), मग फ्लेअर. झालेला फ्लेअर नखाने तपासा: काठ सगळीकडे सारखा, आतला चेहरा आरशासारखा गुळगुळीत, तडा किंवा ओरखडा नको. शंका आली तर कापून टाका आणि नवा करा. दोन इंच तांबं वाचवण्यात अर्थ नाही.

मग फ्लेअरला एसीच्या तेलाचा थेंब, नट हाताने चार-पाच आटे फिरवून सरळ बसलाय ना ते पाहणं, आणि शेवटी दोन पाने: एकाने व्हॉल्व्ह धरायचा, दुसऱ्या टॉर्क पान्याने नट आवळायचा. दोन सुतीला साधारण १५ ते १८ न्यूटन-मीटर, तीन सुतीला ३४ ते ४२, चार सुतीला ४९ ते ६१. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. नट सैल राहिला तर गळतो हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त आवळला तरी गळतो, कारण फ्लेअरची मान चेपून पातळ होते आणि काही महिन्यांच्या थरथरीनंतर तिथेच चीर जाते.

सांधे झाले की नायट्रोजन भरून दाबाची चाचणी, सांध्यांवर साबणाचं पाणी, आणि मग व्हॅक्यूम पंप. हा टप्पा गाळून आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ‘हुसकावून’ लावायची पद्धत अजून दिसते. ती चालू देऊ नका. हवा थोडी आत राहतेच. ती कॉइलमध्ये द्रवरूप होत नाही, नुसती जागा अडवते आणि दाब वाढवते. तिच्यातलं पाणी कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करतं आणि ते मोटरच्या वाइंडिंगचं आवरण खातं. शिवाय आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तो खोलीत किंवा बंद गॅलरीत सोडणं धोक्याचं आहे.

व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत न्यायचा. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, यावरून अंदाज घ्या. मॅनिफोल्डच्या (मेकॅनिकच्या दाब मोजायच्या साधनाच्या) घड्याळावर काटा शून्याखाली टेकला म्हणजे झालं असं नाही. ते घड्याळ एवढा बारीक दाब दाखवूच शकत नाही, त्याला वेगळा मायक्रॉन गेज लागतो. पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. आकडा थोडा चढून स्थिरावला तर आत ओल शिल्लक आहे, पंप पुन्हा चालवा. चढतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. हे सगळं व्यवस्थित करायला तास-दीड तास जादा लागतो. तो वेळ मेकॅनिकला द्या.

दोन्ही पाइपांवर वेगवेगळं इन्सुलेशन हवं. दोन पाइप एकाच नळीत कोंबायचे नाहीत. घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब उतरवणारा भाग आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे थंडावा चालू असताना बारीक पाइपही गार असतो आणि उघडा राहिला तर घाम सोडतो. फ्लेअर नटवरचं इन्सुलेशन बहुतेकदा विसरलं जातं. इनडोअरच्या मागे भिंतीवर पिवळा डाग उमटला की आधी तिथे हात लावून बघा.

पाइपांची लांबी शक्यतो ३ मीटरपेक्षा कमी नको. इनडोअर आणि आउटडोअर फार जवळ असले की कॉम्प्रेसरची थरथर आणि गॅसचा आवाज खोलीत येतो. कारखान्यातून भरलेला गॅस ठरावीक लांबीपुरता असतो, बऱ्याच मॉडेलांत ५ ते ७.५ मीटर. त्यापुढे दर मीटरला किती ग्रॅम भरायचा ते आउटडोअरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि तो काट्यावर मोजून भरायचा. नुसत्या दाबावरून अंदाजे भरलेला गॅस इन्व्हर्टरमध्ये फसवतो, कारण कॉम्प्रेसरच्या वेगाप्रमाणे दाब बदलत राहतो.

आउटडोअरला श्वास घ्यायला जागा द्या. मागे निदान १० ते १५ सेंटिमीटर, पुढे निदान अर्धा मीटर मोकळं. शोभेसाठी समोर लोखंडी झडपा किंवा दाट जाळी बसवली की बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा मागून आत ओढली जाते. कॉम्प्रेसर तापतो आणि भर दुपारी, नेमका हवा असतो तेव्हा, एसी मंदावतो. बसवण्याची जागा अशीही असावी की मेकॅनिक तिथे सुरक्षित उभा राहू शकेल. उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर, हात पोचणार नाही तिथे लावलेल्या आउटडोअरची सर्व्हिसिंग कोणी मनापासून करत नाही, आणि एखादा करायला गेला तर जिवाची जोखीम घेतो.

पाणी खालीच जातं

इनडोअर गळतोय ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचं कारण बहुधा गॅसशी निगडित नसतं. ड्रेन पाइप गुरुत्वावर चालतो. दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार, वाटेत कुठेही वर चढणारा वळसा नको, टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको. भिंतीतलं भोकही बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडायचं. काम संपल्यावर इनडोअरच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओता आणि ते बाहेर पूर्ण येतंय ना ते बघा. दोन मिनिटांची ही चाचणी भिंतीचा रंग वाचवते.

काही महिन्यांनी गळायला लागला तर ट्रेमध्ये आणि पाइपात साचलेली बुळबुळीत शेवाळी शोधा. बाहेरच्या टोकाला ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर लावून ओढली की ती गाठोड्यासारखी बाहेर येते. एसी बंद केल्यावर एकदम भरपूर पाणी आलं तर ते बहुधा कॉइलवरचा बर्फ वितळून आलेलं असतं. मग जाळी तुंबलीय का आणि गॅस कमी झालाय का, हे दोन्ही तपासा.

गॅसबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद वाटेत तोच तो फिरत राहतो. ‘दरवर्षी थोडा गॅस टाकावाच लागतो’ असं कोणी म्हणालं तर गळती कुठे आहे ते विचारा. गळती शोधली नाही तर भरलेला गॅस पुन्हा हवेत. आर-४१०एचा एक किलो हवेत गेला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, आर-३२चा ६७५. प्रोपेनचा, म्हणजे आर-२९०चा, आकडा एक अंकी आहे, पण तो चांगलाच ज्वलनशील असल्यामुळे त्याचं काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावं.

सांधे ठीक असूनही गॅस जात असेल तर कॉइलकडे पाहा. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या भिंतीत मुंग्यांच्या वारुळासारखी वाकडीतिकडी सूक्ष्म भोकं पडतात. नवं लाकडी फर्निचर, डिंक, रंग, व्हिनेगरसारखे पदार्थ यांतून निघणारी आम्लाची वाफ आणि कॉइलवरची ओल एकत्र आली की हे होतं. नळीवर वरून फार काही दिसत नाही. नवं रंगकाम किंवा फर्निचर झालं असेल तर आधी काही दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवा.

जाळी, पंखा, कॉइल

रोज वापर असेल तर जाळी दर पंधरवड्याला धुवा: वाहत्या पाण्यात, धुळीच्या उलट बाजूने, मग सावलीत वाळवून. उन्हात प्लास्टिकची चौकट वाकते. जाळीने अडवली नाही ती धूळ आत दंडगोल पंख्याच्या पात्यांवर बसते. टॉर्च लावून झडपांतून आत पाहा. पात्यांच्या कडांवर राखाडी मखमल दिसली तर हवा कमी का झाली आणि सुरू करताच कुबट वास का येतो, दोन्हींचं उत्तर मिळालं. हा पंखा आणि ट्रे वर्षातून एकदा खोलून धुवावा, दमट हवेत दोनदा. धुताना पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, प्लास्टिकने झाकलेला असावा. बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसता पंखा चालवला तर कॉइल वाळते आणि वास बराच कमी होतो.

जिथे स्प्लिट कमी पडतो

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवतो. दार-खिडक्या घट्ट बंद करून चार माणसं रात्रभर झोपली की कार्बन डायऑक्साइड चढतो आणि सकाळी डोकं जड होतं. खिडकीची बोटभर फट किंवा छोटा एक्झॉस्ट फॅन यांची सोय ठेवा. थोडा गारवा जाईल, तो जाऊ द्यावा.

एकाच आउटडोअरवर तीन-चार इनडोअर चालवणारा मल्टी-स्प्लिट बाहेर जागा कमी असेल तरच घ्या. आउटडोअर बंद पडला की घरभर उकाडा. आणि रात्री एकच छोटी खोली चालू असेल तेव्हा मोठा कॉम्प्रेसर तेवढा खाली उतरू शकत नाही, त्यामुळे सारखा चालू-बंद होतो. जागा असेल तर खोलीगणिक वेगळा एसी बरा.

थंडीच्या प्रदेशात हाच एसी उलटा चालवता येतो. आउटडोअरमधला चार तोंडांचा व्हॉल्व्ह गॅसची वाट फिरवतो आणि बाहेरची उष्णता आत येते. साध्या हीटरमध्ये एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता मिळते. इथे बेताच्या थंडीत तीन ते चार मिळते. घेतानाच मॉडेल गरम-थंड दोन्ही आहे ना ते बघा, नंतर तशी सोय करता येत नाही.

एसी बसवून झाला की मेकॅनिक जाण्याआधी एक शेवटचं माप घ्या. पंखा पूर्ण वेगावर, तापमान सगळ्यात खाली, वीस मिनिटं चालवून जाळीपाशी आत जाणाऱ्या हवेचं आणि झडपेतून येणाऱ्या हवेचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा. फरक बहुधा ८ ते १२ अंश येतो. फार दमट दिवशी थोडा कमी. तो फरक, बाहेरचं तापमान, तारीख आणि भरलेला गॅस किती ग्रॅम, हे चार आकडे जाळीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात एसी गार करत नाही असं वाटलं की झाकण उघडून पुन्हा मोजा. आकडा तोच आला तर आधी पडदे आणि जाळी बघा. तीन-चार अंशांनी घसरला असेल तरच गॅसचा विषय काढा.